धाकटीचे सपाट पाय

मुलाचे पाय सपाट आहेत असे कोणी सांगितले की आईच्या मनात तीन प्रश्न एकदम उभे राहतात. हे दुखणे आहे का? याला खर्च किती येईल? आणि मुलगी असेल तर तिसरा, जो मोठ्याने कोणी विचारत नाही : उद्या लग्नाच्या वेळी हिच्या पायांवर कोणी बोट तर ठेवणार नाही ना? गेल्या दीड वर्षात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला शोधावी लागली. मी डॉक्टर नाही. कराडजवळच्या एका गावात घर सांभाळून शिवणकाम करणारी बाई आहे. पण जे शिकले, जे घरात करून पाहिले, ते माझ्यासारख्या दुसऱ्या आईच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आमची धाकटी आता आठ वर्षांची आहे. पहिलीत असताना ती संध्याकाळी पोटऱ्या दुखतात म्हणून रडू लागली. बाजारातून परतताना अर्ध्या वाटेत ‘उचलून घे’ म्हणायची. तिच्या दादी रात्री तिळाचे तेल कोमट करून पाय चोळायच्या, तेवढ्यापुरते बरे वाटायचे. शाळेचे बूट तीन महिन्यांत आतल्या बाजूने झिजून वाकडे व्हायचे. एक दिवस तिच्या बाईंनी मला सांगितले, “खेळाच्या तासाला ती धावत नाही. सगळ्यांच्या चपला सांभाळते म्हणून कडेला बसते.” घरी येऊन विचारले तर आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “मी धावले की मुले बदक म्हणतात.”

त्याच सुमारास ईदला घरी पाहुणे आले. धाकटी वुजू करून आली आणि फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले. आपल्या ठशात टाच आणि चवडा यांच्या मध्ये आतल्या अंगाला एक मोकळी जागा असते. तिच्या ठशात ती नव्हतीच, सगळा तळवा भरून उमटलेला. नात्यातल्या एक वयस्कर बाई ते पाहून म्हणाल्या, “अगे, इसके पाँव तो देख, पूरे चपटे हैं.” आणि मग आवाज खाली घेऊन, “सब्ज कदम कहते हैं ऐसों को.” मराठीत ज्याला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात तेच ते. सहा वर्षांच्या मुलीला सब्ज कदम म्हणजे काय ते कळले नाही, पण आपल्या पायांत काहीतरी वाईट आहे एवढे कळले. त्या दिवसापासून ती मोजे घालून बसू लागली, तेही मे महिन्यात.

पहिला सल्ला मिळाला तो बुटांच्या एका दुकानात. दुकानदाराने तिला एका काचेवर उभे केले, यंत्राने तळव्याचे चित्र काढले आणि लाल रंग दाखवून सांगितले की, “आत्ताच खास बूट आणि आतल्या गाद्या बनवून घेतल्या नाहीत तर पुढे गुडघे आणि कंबर जाईल, ऑपरेशनची वेळ येईल.” किंमत साडेसहा हजार रुपये, आणि पाय वाढेल तशा दरवर्षी नव्या. मुलांचे अब्बा गवंडीकाम करतात. साडेसहा हजार म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा आणि वर काही. तरीही ते म्हणाले, “पोरीच्या पायाचा प्रश्न आहे, उसने घेऊ.” मी म्हटले, आधी डॉक्टरांना दाखवू, मग घेऊ.

सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला अर्धा दिवस गेला, पण तपासणी नीट झाली. डॉक्टरांनी यंत्र काढले नाही. त्यांनी तिला टेबलावर बसवून पाय मोकळे सोडायला सांगितले, आणि मला बोट दाखवून म्हणाले, “बघा, आता कमान दिसते आहे.” खरेच, लोंबकळत्या पायाला आतल्या बाजूने छान खळगा होता. मग तिला खाली उभे केले, तसा तो खळगा नाहीसा झाला. मग चवड्यांवर उभे राहायला सांगितले. टाचा उचलताच कमान पुन्हा उमटली आणि बाहेर कललेल्या टाचा आत वळल्या. शेवटी ती सपाट उभी असताना त्यांनी हाताने तिचा पायाचा अंगठा वर उचलला. तेव्हाही कमान वर आली. डॉक्टर म्हणाले, “हे लवचिक सपाट पाऊल आहे. कमान आहे, फक्त वजन आले की बसते. ताठर असती तर मी काळजी केली असती.”

त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. तिच्या हाताचा अंगठा मागे वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का. तो सहज टेकला. म्हणजे तिचे सांधेच मुळात सैल आहेत. आणि गुडघा सरळ ठेवून पाऊल वर किती वळते. ते कमी वळले, म्हणजे पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर आखडलेली होती. डॉक्टरांनी सांगितले, संध्याकाळच्या दुखण्याचे कारण बहुधा इथे आहे. सपाट पावलाला चालताना जास्त मेहनत पडते आणि आखडलेली पोटरी त्यात भर घालते. पाऊल पुरेसे वर वळत नसेल तर शरीर वाट काढते; पाय मधोमध खाली दबतो आणि बाहेर फिरतो. म्हणूनच ती बदकासारखी चालत होती.

मग त्यांनी समजावून सांगितले ते मला इथे नीट मांडायचे आहे, कारण यातले बहुतेक मला आधी कोणी सांगितले नव्हते.

जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे पाय सपाटच दिसतात. कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. मूल चालू लागते, गादी हळूहळू विरते, अस्थिबंध घट्ट होतात आणि कमान दिसू लागते. बहुतेकांमध्ये हा बदल तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान जास्त होतो आणि दहाव्या वर्षापर्यंत चालू राहतो. म्हणून दोन-तीन वर्षांच्या बाळाचे सपाट पाय पाहून घाबरण्याचे काही कारण नाही. काहींची कमान पुढेही खालीच राहते, आणि तरी पाय दुखत नसेल तर तो आजार नाही. जसे कोणाचे नाक बसके असते, तसे कोणाचे पाऊल.

एका पावलात सव्वीस हाडे असतात. उभे असताना कमान धरून ठेवण्याचे काम मुख्यतः त्या हाडांच्या रचनेचे आणि त्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांचे आहे. स्नायू जास्त कामाला लागतात ते चालताना, टाच उचलताना, उडी मारताना. पोटरीच्या आत खोलवर एक स्नायू आहे. त्याची शीर आतल्या घोट्यामागून तळव्याखाली येते आणि कमान वर खेचते. तळव्यातही बोटांचे छोटे छोटे स्नायू आहेत. व्यायाम होतो तो यांचा.

इथे मी डॉक्टरांना सरळ विचारले, “व्यायामाने कमान येईल का?” त्यांचे उत्तर मला आवडले, कारण त्यात विकण्यासारखे काही नव्हते. ते म्हणाले, “तसे वचन मी देणार नाही. आली तर वयाने येईल. व्यायामाने पायात जोर येईल, पोटरी सैल होईल, दुखणे आणि थकवा कमी होईल. तुम्हाला ठसा बदलायचा आहे की मुलगी धावायला हवी आहे?” आम्हाला मुलगी धावायला हवी होती.

बुटांबद्दलही विचारले. त्यांनी १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. डॉ. वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते सहा वर्षांच्या, लवचिक सपाट पाय असलेल्या मुलांचे गट केले. काहींना खास बूट, काहींना बुटात घालायच्या गाद्या, आणि एका गटाला काहीच नाही. तीन वर्षे पूर्ण करणारी ९८ मुले होती. सगळ्याच गटांतल्या मुलांचे पाय सुधारले आणि उपचार न घेतलेली मुले मागे राहिली नाहीत. म्हणजे सुधारणा वयाची होती, श्रेय मात्र बुटांना मिळाले असते. डॉक्टरांनी गाद्यांना वाईट म्हटले नाही. ज्या मुलाचे पाय दुखतात त्याला साध्या तयार गादीने आराम पडू शकतो. पण कमान घडवण्यासाठी दरवर्षी महागडी गादी बनवून घेण्याची गरज नाही. “आधी तीन महिने व्यायाम करा,” ते म्हणाले, “दुखणे राहिलेच तर साधी गादी घेऊ.” साडेसहा हजार वाचले.

आपल्या देशातलाही एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातील डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आढळले, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, सँडल किंवा चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. सैल सांध्यांच्या मुलांत हा फरक अधिक ठळक होता. यावरून बूटच पाय सपाट करतात असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण लहान वयात पाय मोकळा राहिला तर तो स्वतःची मेहनत करतो, एवढे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण मूल उभे राहू लागले की हौसेने चिमुकले बूट आणतो. घरात त्यांची गरज नसते.

रुग्णालयातच एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम शिकवले. घरी आल्यावर ते पाळायचे कसे हा प्रश्न होता, कारण सहा वर्षांच्या मुलीला ‘व्यायाम कर’ म्हटले की ती पाणी प्यायला उठते. आम्ही त्यांचे खेळ केले. इशाच्या आधी, जेवणे झाली नसताना, रोज दहा-पंधरा मिनिटे. आमचा क्रम असा.

पहिला, भिंत ढकलणे. भिंतीसमोर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीला लावायचे. एक पाय पुढे, एक मागे. मागचा गुडघा सरळ, मागची टाच जमिनीला चिकटलेली, आणि बोटे सरळ भिंतीकडे. मग अंग पुढे झुकवायचे. मागच्या पोटरीत ताण जाणवतो. वीस ते तीस सेकंद थांबायचे, प्रत्येक पायाने तीन वेळा. नंतर मागचा गुडघा थोडा वाकवून तसेच पुन्हा. सपाट पायाचे मूल इथे पाऊल बाहेर फिरवून पळवाट काढते. तसे केल्यास ताण पोटरीवर न येता कमानीवर येतो, म्हणून बोटांच्या दिशेवर मोठ्या माणसाचे लक्ष हवे. आखडलेल्या पोटरीसाठी हा व्यायाम सगळ्यांत महत्त्वाचा, असे ताईंनी बजावले होते.

दुसरा, टाचा उचलणे. भिंतीला बोटे टेकवून दोन्ही टाचा तीन आकडे मोजत वर, क्षणभर थांबून तीन आकडे मोजत खाली. दहा वेळा झाले की विसावा, मग पुन्हा दहा. दोन टाचांच्या मध्ये छोटा चेंडू धरला की टाचा बाहेर पडत नाहीत आणि आतला तो खोल स्नायू कामाला लागतो. आमच्याकडे चेंडू हरवला तेव्हा मोज्यांचा गोळा चालला. खाली येताना धपकन येऊ द्यायचे नाही. सावकाश उतरण्यातच अर्धा व्यायाम आहे. दोन-तीन महिन्यांनी एका पायावर.

तिसरा, चिंचोके. खुर्चीवर बसून जमिनीवर पसरलेले वीस चिंचोके पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचे, आधी उजव्या पायाने, मग डाव्या. यात दादी सामील झाल्या. त्या पाटावर बसून स्वतःच्या पायाने उचलू लागल्या आणि नातीला हरवू लागल्या. घरात आणखी लहान मूल असेल तर चिंचोके मोजून घ्यावेत आणि मोजून ठेवावेत. नाकात, तोंडात जायला वेळ लागत नाही.

चौथा, ओढणी ओढणे. जुनी ओढणी जमिनीवर पसरून टाच न हलवता बोटांनी ती आपल्याकडे गोळा करायची. जमू लागले की दुसऱ्या टोकावर एखादे पुस्तक वजन म्हणून ठेवायचे.

पाचवा सगळ्यांत अवघड, पाऊल आखूड करणे. बसून तळवा जमिनीवर सपाट. बोटे न मुडपता, टाच न उचलता, अंगठ्यामागचा उंचवटा टाचेकडे ओढायचा. बरोबर जमले तर कमान किंचित वर येते. पाच सेकंद धरून सोडायचे, दहा वेळा. धाकटीला हे पंधरा दिवस जमेचना. मग ताईंनी युक्ती सांगितली : तळव्याखाली एक मुंगी आहे असे समज, ती दबू द्यायची नाही, पण बोटे आणि टाचही उचलायची नाहीत. मुंगी वाचवायची म्हटल्यावर जमले.

सहावा, अंगठ्याचा खेळ. अंगठा वर, बाकीची चार बोटे खाली. मग अंगठा खाली, चार बोटे वर. आधी हाताने धरून दाखवावे लागते. मोठ्यांनी करून पाहावे, म्हणजे मुलाला उगाच रागावणार नाहीत.

सातवा, एका पायावर उभे राहणे. आम्ही तो दात घासण्याला जोडला. खालचे दात उजव्या पायावर, वरचे डाव्या. सुरुवातीला पाच सेकंदांत डुगडुगायची, नंतर तीस सेकंदांपर्यंत गेली.

आठवा, चाली. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चवड्यांवर, परत येताना टाचांवर, मग पावलांच्या बाहेरच्या कडेवर. तिने त्यांना जिराफ, पेंग्विन आणि खेकडा अशी नावे ठेवली.

यांखेरीज दोन जुने खेळ ताईंनी आवर्जून सांगितले : लंगडी आणि दोरीवरच्या उड्या. एका पायावर उसळी मारत पळताना पोटरी, घोटा आणि तळवा तिघेही राबतात. मात्र आधीचे व्यायाम दोन महिने झाल्यावर, आणि दुखत असताना नाही. दुखले तर थांबायचे, हा नियम सगळ्यालाच. पोटरीत ओढ जाणवणे चालते. सांध्यात किंवा तळव्यात टोचणारी कळ चालत नाही.

माझे माहेर दापोली तालुक्यात समुद्रकाठी आहे. सुटीत तिथे गेलो की सकाळी ओल्या वाळूवरून अनवाणी चालणे हाच व्यायाम. भुसभुशीत वाळूत पाय रुतला की बोटांना वाळू धरावी लागते. पण अनवाणी चालण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जिथे लोक उघड्यावर शौचास बसतात त्या ओल्या मातीत आकडीकृमी असतात, ते पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि मुलांच्या अंगातले रक्त कमी करतात. काटे, काचा, पावसाळ्यातले सापविंचू वेगळेच. म्हणून अनवाणी घरात, स्वच्छ अंगणात, गवतावर, स्वच्छ वाळूत. रस्त्यावर आणि शेतात पायात चप्पल हवीच. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी.

शाळेसाठी बूट घेताना काय पाहावे तेही सांगितले गेले. टाचेमागचा भाग घट्ट, दोन बोटांनी दाबून न चेपणारा. बूट वाकावा तो चवड्यापाशी, मधोमध नाही. पुढे अंगठ्याच्या टोकापासून बोटभर जागा. मोठ्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नयेत, कारण ते आधीच्या पायाच्या वळणाने वाकलेले असतात. आम्ही साडेचारशे रुपयांचे साधे बूट घेतले.

एका ओळखीच्या बाईंनी सांगितले की नमाजला बसताना पायाची बोटे मुडपावी लागतात, त्याने सपाट पाय बरे होतात. नमाज आपण इबादत म्हणून पढतो. तिच्यावर औषधाचा दावा लादण्याची गरज नाही. फायदा दिसतो तो वेगळा. आपल्या घरात दिवसातून कितीदा तरी मुलांचे पाय उघडे होतात, धुतले जातात. त्यामुळे पायाकडे लक्ष देणे आईला सोपे जाते. मात्र ओल्या ठशावरून स्वतः निदान करू नये. ठसा फक्त एवढेच सांगतो की तळवा किती टेकला.

अशाच एका संध्याकाळी चिंचोक्यांचा खेळ संपल्यावर दादींनी स्वतःचे पाय पाण्यात बुडवून फरशीवर ठेवले. नातीच्या ठशाशेजारी त्यांचा ठसा उमटला, तोही तसाच भरलेला. मुलांच्या अब्बांनी हसत आपले पाऊल बाजूला ठेवले, तेही तसेच. तीन पिढ्यांचे सहा सपाट पाय. अम्मींनी तरुणपणी दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन नदीवरून पाणी आणले आहे, त्यांचा मुलगा आजही परांचीवर दिवसभर उभा राहतो. सपाट पाय घराण्यात उतरतात हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. अम्मी नातीला म्हणाल्या, “मी या घरात आले तेव्हा इथे एक खोली होती. आता चार आहेत. कोण म्हणतो हे पाय बरे नाहीत?” नंतर त्या नातेवाईक बाई पुन्हा आल्या, तेव्हा हेच वाक्य त्यांनाही ऐकायला मिळाले. माझ्या बोलण्याने जे झाले नसते ते सासूबाईंच्या एका वाक्याने झाले. धाकटीने घरात मोजे घालणे सोडले.

माझ्या भावाचा मुलगा सैन्यभरतीची तयारी करतो. त्याचेही पाय थोडे सपाट आहेत आणि कोणीतरी त्याला ‘तू बाद होणार’ म्हणून सांगितले होते. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत सपाट पाय हे बाद होण्याचे कारण आहे खरे. पण चवड्यांवर उभे राहताच कमान परत येत असेल, उमेदवार चवड्यांवर चांगला धावू शकत असेल, उड्या मारू शकत असेल, आणि पाय लवचिक व न दुखणारा असेल, तर तो पात्र धरला जातो, असेही त्यात म्हटलेले आहे. कॅनडाच्या सैन्यात हॅरिस आणि बीथ यांनी हजारो सैनिकांचे पाय तपासून १९४७ मध्ये अहवाल दिला होता. लवचिक सपाट पाय सहसा त्रास देत नाही, त्रास होतो तो टाचेची शीर आखडलेली असेल तर, असे त्यांना आढळले. म्हणजे पुन्हा तीच पोटरी. भाच्याला मी भिंत ढकलायला लावले आहे.

आता परिणामाबद्दल. पहिला महिनाभर काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या महिन्यात रात्रीचे रडणे आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ती बाजारातून स्वतःच्या पायांनी परत आली, हातात पिशवी घेऊन. पहिल्या दिवशी एका पायावर टाच उचलणे तिला एकदाही जमत नव्हते. सहा महिन्यांनी पंधरा वेळा जमू लागले. ही आकडेवारी मी शिलाईच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली, आणि मला वाटते प्रत्येक आईने ठेवावी. ठसा रोज पाहू नये, त्याने निराशा येते. मूल किती चालले, किती वेळा टाच उचलली, रात्री दुखले का, हे लिहावे. गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल आगाशिवच्या डोंगरावर गेली. धाकटी लेण्यांपर्यंत चढून गेली आणि उतरून आली. रात्री पाय दुखले, पण तिच्या वर्गातल्या सगळ्यांचेच दुखले असतील. तिच्या पावलाचा ठसा अजूनही बराचसा सपाटच आहे. यात व्यायामाचा वाटा किती आणि वाढत्या वयाचा किती, हे मी सांगू शकणार नाही. ती खेळाच्या तासाला आता चपला सांभाळत नाही, एवढे मला पुरे आहे.

प्रत्येक सपाट पाय असा साधा नसतो, हेही सांगितलेच पाहिजे. चवड्यांवर उभे राहिल्यावरही कमान दिसत नसेल. पाऊल ताठर असेल, आतबाहेर वळत नसेल. एकच पाय सपाट असेल. दुखणे रोजचे असेल, एकाच जागी असेल, सूज येत असेल. मूल लंगडत असेल. आठ-दहा वर्षांनंतर घोटा वारंवार मुरगळत असेल. आधी असलेली कमान आता बसू लागली असेल. किंवा पायात अशक्तपणा वाटत असेल, तर घरच्या व्यायामावर थांबू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. काही मुलांमध्ये पावलातली दोन हाडे जन्मतःच जोडलेली असतात आणि वय वाढल्यावर त्याचा त्रास सुरू होतो. त्यावर वेगळा उपचार लागतो. नवजात बाळाचा तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगलेला आणि ताठर दिसला तर लगेच दाखवावे. मुलाचे वजन फार असेल तर तेही पाहावे लागते, कारण सगळा भार शेवटी त्याच कमानीवर येतो.

आणि ज्या मुलाचे पाय सपाट आहेत पण दुखत नाहीत, जे दिवसभर हुंदडते आहे, त्याला काहीही करायला लावू नका. त्याला खेळू द्या. लंगडी, दोरी, झाडावर चढणे, यांतच त्याचा व्यायाम होतो आहे.

माझ्या बहिणींना शेवटी एकच विनंती. मुलीचे पाऊल पाहुण्यांना दाखवून मत विचारू नका. जे विचारायचे ते डॉक्टरांना, बंद दाराआड, तिच्यासमोर समजेल अशा भाषेत विचारा. घरातल्या मोठ्या माणसांना व्यायामात सामील करून घ्या. त्यांना काम मिळते आणि मुलाला सोबत. रोज जमले नाही तर आठवड्यातून पाच दिवस करा, पण तीन महिने सोडू नका. आणि तिच्या पायांना कोणी नावे ठेवू लागले तर तिथल्या तिथे, तिच्या देखत उत्तर द्या. पोटरी सैल व्हायला तीन महिने लागतात. सहा वर्षांच्या मुलीच्या मनात बसलेला एक शब्द निघायला त्याहून जास्त दिवस लागतात.